सांकेतिक भाषेच्या वर्गाचा वर्षअखेरचा प्रकल्प: विषय निवडण्यापासून सादरीकरणापर्यंत

वर्ष संपत आलं की सांकेतिक भाषेच्या वर्गात प्रकल्पाची लगबग सुरू होते आणि बरेच विद्यार्थी पहिल्याच दिवशी वही उघडून संहिता लिहायला बसतात. आधी बोलीभाषेत, म्हणजे मराठीसारख्या तोंडाने बोलायच्या भाषेत, छान परिच्छेद लिहायचा, मग त्यातल्या एकेका शब्दाला खूण शोधायची, ती पाठ करायची आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. अशा पद्धतीने केलेला प्रकल्प पाहताना कर्णबधिर प्रेक्षक दमून जातात. हात खुणा करत असतात, पण वाक्य बोलीभाषेचंच राहतं.

यामागचं कारण भाषेच्या घडणीतच आहे. एक खूण करायला एक शब्द उच्चारण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. तरीही तोच विचार मांडायला दोन्ही भाषांना जवळपास सारखाच वेळ पुरतो, हे 1972 मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून पुढे आलं. सांकेतिक भाषा बऱ्याच गोष्टी एकाच वेळी सांगते, म्हणून हे जमतं. कोण, कुठे, कुठल्या दिशेने, किती वेगाने, कुठल्या मनःस्थितीत, हे सगळं एका हालचालीत आणि चेहऱ्यावर एकदम दिसतं. शब्दामागे शब्द ठेवत गेलात की ही ताकद वाया जाते आणि सादरीकरण दुप्पट लांबतं.

म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रकल्प सुरुवातीपासून हातांत आणि डोळ्यांत घडू द्या. कागद लागेलच, पण त्यावर परिच्छेद लिहू नका, चित्रं काढा.

पायरी पहिली: हे कोणासाठी, ते ठरवा

विषयाच्याही आधी प्रेक्षक ठरवा. हा प्रकल्प कर्णबधिर व्यक्ती पाहणार आहे, असं धरून चाला. प्रत्यक्षात सभागृहात ऐकू येणारे पालक आणि मित्रच जास्त असतील, तरीही. त्यांच्यासाठी मथळे, म्हणजे पडद्यावर खुणांचा लिखित अर्थ, देता येतात, छापील सारांश देता येतो. पण ऐकू येणाऱ्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतील असं काहीतरी बसवायला निघालात की हात मोठे आणि नाटकी होतात आणि व्याकरण मागे पडतं.

मग कर्णबधिर प्रेक्षकांत नक्की कोण, तेही ठरवा. लहान मुलांसाठीची गोष्ट वेगळी, तुमच्या वयाच्या तरुणांसाठीची माहितीफीत वेगळी. हे एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. पुढे कुठे अडलात तर त्या ओळीकडे पाहून निर्णय घेता येतो.

पायरी दुसरी: विषय निवडा, आणि गाण्याबद्दल थोडं

प्रकल्प म्हटलं की सगळ्यात आधी गाण्याच्या खुणा बसवायची कल्पना पुढे येते. पहिल्या वर्षी ती बाजूला ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाण्याचे शब्द आधीच ठरलेले, चाल ठरलेली, वेग ठरलेला. हातांना त्या मापात कोंबावं लागतं, आणि ज्या यमकांवर, सुरांवर गाणं उभं असतं ते कर्णबधिर प्रेक्षकापर्यंत पोचतच नाहीत. गाण्याचं सुंदर सांकेतिक रूप करणारे कर्णबधिर कलावंत आहेत. त्यामागे अनेक वर्षांची भाषा असते आणि मूळ गाणं मोडून नवं काही घडवण्याची हिंमत असते. तिथवर पोचायला वेळ द्या.

त्याऐवजी सांकेतिक भाषेतच जन्मलेले काव्यप्रकार आणि कथाप्रकार पाहा. लय त्यांतही असते, पण ती डोळ्यांना दिसणारी असते. नवशिक्यांना झेपतील असे दोन प्रकार पुढे सविस्तर सांगते, बाकीचे थोडक्यात.

अंकांची गोष्ट

कर्णबधिर समाजात पिढ्यान्पिढ्या खेळला जाणारा हा प्रकार आहे. नियम सोपा: गोष्टीतली प्रत्येक खूण एक, दोन, तीन अशा अंकांच्या हाताच्या आकारांतच करायची आणि क्रम मोडायचा नाही. अमेरिकेत याच धर्तीवर हातांच्या वर्णमालेच्या गोष्टी रचतात, पण सव्वीस आकारांचा क्रम सांभाळणं नवशिक्याला जड जातं. पाचापर्यंतचे अंक घ्या.

उदाहरण म्हणून एक छोटी गोष्ट बघू. एक बोट उभं: एक माणूस चालत येतो आणि थांबतो. दोन बोटं डोळ्यांपासून निघतात आणि हळूहळू खाली वळतात: त्याची नजर जमिनीवरच्या कशावर तरी पडते. तीन बोटं दोन्ही गालांवरून बाहेर ओढली जातात: मिशा, म्हणजे मांजर. चार बोटं वरून खाली येतात, टोकं हलत असतात: पाऊस लागला. पाचही बोटं पसरलेले दोन्ही तळवे समोर पुढे येतात आणि खाली काहीतरी असल्यासारखे त्यावर छप्पर धरतात: माणसाने मांजर झाकलं.

एवढीच गोष्ट, जेमतेम पंधरा सेकंदांची. पण ती करताना तुम्हाला कळेल की नजर आधी खाली गेली नाही तर मांजर दिसतच नाही. तिसऱ्या आकाराच्या वेळी चेहरा माणसाचाच राहिला तर मिशा कोणाच्या, ते कळत नाही. शेवटच्या तळव्यांची उंची चुकली तर मांजर अचानक कमरेएवढं होतं. इतक्या छोट्या जागेत इतक्या गोष्टी नेमक्या बसवाव्या लागतात, म्हणूनच पहिल्या वर्षासाठी मला हा प्रकार सर्वांत आवडतो.

रचताना असं करा. तुम्ही शिकत असलेल्या भाषेतले एक ते पाच अंकांचे आकार काढून ठेवा, कारण अंक सगळ्या सांकेतिक भाषांत सारखे नसतात. अमेरिकन सांकेतिक भाषेत तीन दाखवताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट उघडतं; इतर कित्येक भाषांत अंगठा मिटलेलाच राहतो. मग प्रत्येक आकार हातात धरून तो कसा कसा हलवता येतो ते पाहा. वर, खाली, गालाजवळ, छातीजवळ, एका हाताने, दोन्ही हातांनी. त्या आकारात काय काय दिसतंय ते बाजूला चित्राने टिपून ठेवा. एकेका आकाराची सात-आठ चित्रं झाली की गोष्ट आपोआप जुळायला लागते. कथानक आधी ठरवून आकार त्यात बसवायला गेलात तर अडकाल.

चित्रांवरून सांगितलेली गोष्ट

दुसरा प्रकार म्हणजे शब्द नसलेल्या चित्रमालिकेवरून गोष्ट सांगणे. चार ते सहा चौकटी पुरेत. चित्रं स्वतः काढा, काड्यांची माणसं चालतील. लिखित मजकूर समोर नसल्यामुळे बोलीभाषेची वाक्यं डोक्यात घोळत नाहीत, हा या प्रकाराचा मोठा फायदा.

इथे तीन गोष्टींची कसोटी लागते: जागा, भूमिका पालटणे आणि वस्तूचा आकार किंवा हालचाल दाखवणारे हात. समजा, मांजर भिंतीवर आहे आणि मुलगा खाली उभा आहे. गोष्ट सुरू करतानाच भिंत तुमच्या उजवीकडे, खांद्याच्या वर मांडा. मांजर तिथे बसवा. आता मुलगा झालात की तुमची नजर उजवीकडे वर जायला हवी. मांजर झालात की खांदे जरासे वळवून नजर डावीकडे खाली. दोन्ही नजरा एकाच काल्पनिक रेषेवर यायला हव्यात. नवशिके हमखास काय करतात, तर मुलगा होताना वर बघतात आणि मांजर होताना थेट कॅमेऱ्यात. मग मांजर मुलाशी बोलतंय की प्रेक्षकांशी, हे कळेनासं होतं.

भूमिका पालटताना शरीर खूप फिरवायची गरज नसते. खांद्यांचा छोटा कोन, नजर आणि चेहरा पुरतो. एका पात्राहून दुसऱ्या पात्राकडे जाताना मध्ये क्षणभर पापणी मिटली किंवा डोकं जरा खाली आलं की प्रेक्षकाला बदल कळतो. आणि एकदा भिंत उजवीकडे मांडलीत की गोष्ट संपेपर्यंत ती तिथेच. चौथ्या चौकटीत भिंत डावीकडे गेली तर प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर दुसरीच भिंत उभी राहते. यासाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून सराव करा आणि चित्रीकरणाच्या वेळी त्या काढा.

मांजराने उडी मारली हे सांगताना आधी पूर्ण मांजर व्हा: मान आत, खांदे वर, डोळे बारीक, पंज्यांसारखे हात. मग लगेच लांबून दाखवा: वाकवलेली दोन बोटं दुसऱ्या तळव्यावरून उसळून खाली उतरतात. जवळून आणि लांबून अशी अदलाबदल जमली की तुमची गोष्ट पडद्यावर पाहिल्यासारखी वाटते. कर्णबधिर कलावंतांनी याच तंत्रावर व्हिज्युअल व्हर्नाक्युलर नावाचा एक अख्खा सादरीकरण प्रकार उभा केला आहे. त्याला हे नाव अमेरिकन कर्णबधिर अभिनेते बर्नार्ड ब्रॅग यांनी दिलं.

इतर काही कल्पना

विषयवार शब्दसंग्रह. स्वयंपाकघर, रुग्णालय, गणित, बागकाम असा एक विषय घ्या आणि त्यातल्या चाळीस-पन्नास खुणांच्या छोट्या चित्रफिती करा. अट एकच: प्रत्येक खूण कर्णबधिर व्यक्तीकडून घ्यायची. इंटरनेटवर दिसेल ती खूण उचलू नका, कारण ती दुसऱ्याच देशाच्या भाषेतली असू शकते. वय, शाळा, प्रदेश यांनुसार एकाच गोष्टीच्या दोन-तीन खुणा मिळाल्या तर सगळ्या ठेवा आणि कोणी कुठली वापरली ते नोंदवा. खूण मिळाली नाही तर जागा रिकामी सोडा. स्वतः खूण बनवू नका. व्यक्तींच्या नावांच्या खुणांनाही हेच लागू: नावाची खूण कर्णबधिर लोक देतात, आपण स्वतःला लावून घेत नाही.

दृश्यकला. अमेरिकेत 1989 मध्ये गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात काही कर्णबधिर कलावंत एकत्र आले आणि त्यांनी कर्णबधिर अनुभवातून येणाऱ्या चित्र-शिल्पकलेचा जाहीरनामा मांडला. डोळे, हात, तोंड, कान यांना या चित्रांत ठळक जागा असते आणि रंग भडक, एकमेकांना छेद देणारे असतात. तुम्ही ऐकू येणारे असाल तर त्या अनुभवाचं चित्र स्वतःच्या नावाने काढू नका. त्याऐवजी अशा चित्रांचा अभ्यास करा आणि एका चित्राचं वर्णन सांकेतिक भाषेत करा. चित्रात काय कुठे आहे, हे हवेत मांडणं हा जागेच्या व्याकरणाचा फार चांगला सराव आहे.

परिसराची ओळख. तुमच्या संस्थेची इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा नव्या कर्णबधिर विद्यार्थ्याला दाखवणारी चित्रफीत. कुठे वळायचं, जिना कुठे, दरवाजा कसा उघडतो. साधा वाटतो, पण दिशा आणि दृष्टिकोन यांची यात चांगलीच परीक्षा होते. शिवाय वर्ष संपल्यावरही ही फीत उपयोगी पडते.

इतिहासावरचा प्रकल्प

इतिहास म्हटला की तक्ता आणि तारखा असं होऊ देऊ नका. सामग्री भरपूर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये शार्ल-मिशेल द लेपे या धर्मोपदेशकाने कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू केली आणि मुलांच्या खुणांना शिकवण्यात जागा दिली. पुढे याच शाळेत शिकून शिक्षक झालेले लॉरां क्लर्क अमेरिकेत गेले आणि 1817 मध्ये थॉमस गॅलॉडेट यांच्यासोबत हार्टफर्डमध्ये शाळा उभी केली. म्हणूनच अमेरिकन सांकेतिक भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, ब्रिटिश भाषेशी नाही, जरी दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात. हातांची वर्णमालाही वेगळी: ब्रिटिश आणि भारतीय पद्धतीत दोन हात लागतात, अमेरिकन पद्धतीत एकच.

1880 मध्ये इटलीतल्या मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की कर्णबधिर मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणांना वर्गात स्थान नाही. मत देणाऱ्यांत कर्णबधिर व्यक्ती जवळजवळ नव्हत्याच. त्यानंतर अनेक देशांतल्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. 1913 मध्ये अमेरिकन कर्णबधिर नेते जॉर्ज व्हेडिट्झ यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून आपली भाषा जपण्याचं आवाहन केलं. ती चित्रफीत आजही पाहता येते. 1960 मध्ये अमेरिकन अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना भाषाशास्त्राच्या पद्धतीने उलगडून दाखवली. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून निकाराग्वात नव्याने सुरू झालेल्या शाळांत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी आपसांत एक नवी भाषाच घडवली. आणि 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत मिलानच्या ठरावांबद्दल अधिकृतपणे खेद व्यक्त झाला.

यातला एकच क्षण निवडा. मिलानचा निर्णय कळल्यानंतरचा शाळेतला एक दिवस घेतलात तर तीन पात्रं पुरे: घरी पाठवलेला कर्णबधिर शिक्षक, हात बांधून बसायला सांगितलेली मुलगी आणि ठराव राबवणारा मुख्याध्यापक. तिघांच्या तीन खुर्च्या, आणि तुम्ही एकटे तिन्ही भूमिका पालटत करता. इथे जागा आणि नजर यांचं व्याकरण इतिहासाच्या कामी येतं. पात्रं काल्पनिक आहेत, हे सुरुवातीला स्पष्ट सांगा.

मुलाखत घ्यायची असेल तर

ज्येष्ठ कर्णबधिर व्यक्तीची मुलाखत हा मोलाचा प्रकल्प आहे, पण सर्वांत जबाबदारीचाही. बोलीभाषेतल्या मुलाखतीत आवाज ठेवून चेहरा लपवता येतो. इथे ते शक्य नाही, कारण चेहरा हा भाषेचाच भाग आहे. भुवया झाकल्या की प्रश्न आणि विधान यांतला फरकच जातो. म्हणून संमती घेताना ही फीत कुठे दाखवणार, किती दिवस ठेवणार, इंटरनेटवर टाकणार का, हे सांकेतिक भाषेत नीट समजावून सांगा. नंतर मन बदललं तर फीत काढून टाकता येईल, हेही सांगा.

बसायची रचना आधी आखा. दोघे एकमेकांना दिसले पाहिजेत आणि दोघांचेही हात कॅमेऱ्यात आले पाहिजेत. दोन कॅमेरे असतील तर उत्तम. एकच असेल तर खुर्च्या इंग्रजी व्ही आकारात, कॅमेऱ्याकडे उघड्या ठेवा. प्रश्नांचा कागद मांडीवर घेऊ नका. तुम्ही खाली पाहिलंत की समोरच्याला बोलणं थांबवावं लागतं. प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या व्यक्तीच्या मागे, तुमच्या नजरेच्या जवळ लावा. आणि तुमची भाषा अजून कच्ची असेल तर सोबत कर्णबधिर सहकारी किंवा दुभाषी घ्या. आठवणी सांगणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा थांबवणं बरं नव्हे.

पायरी तिसरी: कच्चं चित्रण आणि कर्णबधिर मार्गदर्शकाची नजर

चित्रं काढून झाली की लगेच मोबाइलवर कच्चं चित्रण करा. पाठ करायची वाट पाहू नका. ते आवाज न लावता, अर्ध्या वेगाने पाहा आणि प्रत्येक खुणेची पाच अंगांनी तपासणी करा: हाताचा आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा आणि चेहरा. पहिली तीन अंगं स्टोकी यांनीच दाखवली होती, बाकीची दोन नंतरच्या अभ्यासकांनी जोडली. नवशिक्यांचं दुर्लक्ष सर्वांत जास्त तळव्याच्या दिशेकडे होतं. आकार बरोबर, जागा बरोबर, पण तळवा बाहेरऐवजी आत, आणि खूण दुसरीच होते.

मग कर्णबधिर मार्गदर्शकाला दाखवा. ही पायरी वगळू नका, आणि ती शेवटच्या आठवड्यात ढकलू नका. दाखवल्यावर "चांगलं झालंय का?" असं विचारू नका. माणसं भिडेपोटी हो म्हणतात. त्याऐवजी विनंती करा: "तुम्हाला काय दिसलं, ते मला सांगा." त्यांनी मांजराऐवजी कुत्रा सांगितला, किंवा पाऊस लागला हे त्यांच्या गोष्टीत आलंच नाही, तर कुठे दुरुस्ती हवी ते तुम्हाला कळलं. दुरुस्ती करून पुन्हा तीच विचारणा दुसऱ्या व्यक्तीकडे करा, ज्यांनी आधीचं चित्रण पाहिलेलं नाही.

मार्गदर्शकाच्या वेळेचा मोबदला द्या. शक्य नसेल तर संस्थेकडे तशी मागणी करा. श्रेयनामावलीत त्यांचं नाव त्यांना हवं तसं, हव्या त्या जागी लिहा.

पायरी चौथी: अंतिम चित्रीकरण

पार्श्वभूमी एकरंगी असू द्या, आणि तुमच्या त्वचेच्या रंगाहून चांगली वेगळी. कपड्यांनाही हाच नियम. रेघा, ठिपके, चमकणाऱ्या अंगठ्या, लोंबत्या बांगड्या नकोत. बाह्या मनगटापर्यंत किंवा कोपरापर्यंत, मध्येच घसरणाऱ्या नकोत.

चौकट डोक्याच्या थोडी वरपासून कमरेपर्यंत, आणि दोन्ही कोपरं पसरली तरी आत बसतील एवढी रुंद. फोन आडवा धरून स्टँडवर लावा, हातात धरून नको. कॅमेरा छातीच्या उंचीवर. प्रकाश समोरून यायला हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळवंडतो आणि भुवया, गाल, ओठ दिसेनासे होतात. एका बाजूने तीव्र प्रकाश पडला तर एका हाताची सावली दुसऱ्या हातावर येते, तीही टाळा.

खुणांचा वेग जास्त असेल तर हात पुसट दिसतात. फोनमध्ये सेकंदाला 60 चौकटींची (फ्रेम्सची) सोय असेल तर ती निवडा आणि खोलीत प्रकाश वाढवा. अंधाऱ्या खोलीत नुसती ही सेटिंग बदलून फारसा फायदा होत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेली फीत काही फोनमध्ये आरशासारखी उलटी साठवली जाते. तुमचा उजवा हात प्रेक्षकांना डावा दिसतो, आणि उजवीकडे मांडलेली भिंत डावीकडे जाते. छातीवर अक्षरं असलेला कागद धरून दोन सेकंदांची चाचणी फीत काढा. अक्षरं उलटी आली तर सेटिंग बदला किंवा मागचा कॅमेरा वापरा.

सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद हात खाली ठेवून स्थिर उभे राहा. संपादनाला जागा मिळते. मथळे हातांवर येऊ देऊ नका. खाली वेगळी पट्टी सोडा आणि त्यात लिहा. मथळे सगळ्यात शेवटी तयार करा, चित्रण पाहून. आधी लिहिलेत तर हात पुन्हा त्या वाक्यांमागे धावू लागतील. पूर्ण फीत दोन ते तीन मिनिटांची पुरे. पहिल्या वर्षात सहा मिनिटं नीट सांगणं जवळजवळ अशक्य असतं, आणि लांबी वाढवून गुण वाढत नाहीत.

वेळेचं गणित

सहा आठवडे हाताशी ठेवा. पहिला आठवडा प्रेक्षक आणि विषय, दुसरा चित्रं आणि हातांचे प्रयोग, तिसऱ्यात कच्चं चित्रण. चौथा आणि पाचवा आठवडा पूर्णपणे प्रतिक्रिया आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवा, त्यात नवीन काही घालू नका. सहाव्यात अंतिम चित्रीकरण आणि मथळे. मुलाखत किंवा शब्दसंग्रह करणार असाल तर लोकांच्या वेळा जुळवण्यात जास्त दिवस जातात, म्हणून तो विषय आठ आठवडे असतील तरच घ्या.

गटात काम करत असाल तर चारपेक्षा जास्त जण नकोत, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर यायचंच. "मी संपादन करतो, तुम्ही खुणा करा" अशी वाटणी झाली की एकाचं वर्षभराचं शिक्षण दिसतच नाही.

पायरी पाचवी: सादरीकरणाचा दिवस

खुर्च्या अर्धवर्तुळात मांडा. ओळींत बसलेल्या कर्णबधिर प्रेक्षकांना एकमेकांशी बोलता येत नाही. चित्रफीत दाखवताना सभागृहात पूर्ण अंधार करू नका. निवेदकावर आणि दुभाषीवर प्रकाश राहिलाच पाहिजे, आणि प्रेक्षकांतही आपसांत बोलता येईल एवढा उजेड हवा. रंगमंचावर प्रत्यक्ष सादर करणार असाल तर शेवटच्या रांगेत बसून पाहा: बोटं दिसतात का? दिसत नसतील तर कॅमेरा लावून शेजारी मोठा पडदा द्या.

कार्यक्रम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सगळ्यांनी सांकेतिक भाषेतच बोलायचं, असा नियम करा, मध्यंतरातही. खुणा न येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात सारांशाचा कागद द्या आणि दारातच टाळ्यांची पद्धत दाखवा: दोन्ही हात वर, पंजे हलवायचे. पाहुण्यांत कर्णबधिर आणि अंध अशी दुहेरी अडचण असलेली व्यक्ती येणार असेल तर हातात हात घेऊन अर्थ पोचवणारी दुभाषी आधीच ठरवावी लागते. निमंत्रणपत्रातच अशी गरज विचारून घ्या.

कर्णबधिर समाजाला सोयीचा दिवस निवडायचा असेल तर 23 सप्टेंबर चांगला: 2018 पासून तो आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळला जातो. 1951 मध्ये याच तारखेला जागतिक कर्णबधिर महासंघाची स्थापना झाली होती. तुमचं वर्ष त्या सुमारास संपत नसेल तर वर्षअखेर वर्गापुरतं सादर करा आणि निवडक फिती त्या दिवशी मोठ्या कार्यक्रमात दाखवा.

शिक्षकांसाठी दोन शब्द

कशाला किती गुण, याचा तक्ता पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या हातात द्या. जागेचा सुसंगत वापर, चेहऱ्याचं व्याकरण आणि प्रेक्षकाला गोष्ट कळली की नाही, यांना मिळून निम्म्याहून जास्त गुण असावेत. संगीत, रंगीत संक्रमणं, विशेष परिणाम यांना गुण देऊ नका. दिलेत की विद्यार्थ्यांचा वेळ तिकडेच जातो. परीक्षकांत किमान एक कर्णबधिर व्यक्ती असलीच पाहिजे, आणि त्यांचं मत सल्ल्यापुरतं नको, त्यांच्या हातात प्रत्यक्ष गुण हवेत. कच्च्या चित्रणापासून अंतिम फितीपर्यंत किती सुधारणा झाली, त्यालाही थोडे गुण ठेवा. त्यासाठी विद्यार्थ्यांकडून दोन्ही फिती मागून घ्या.

फीत झाल्यावर

मूळ न कापलेलं चित्रण जपून ठेवा, मथळे नसलेली एक प्रत वेगळी ठेवा. फाइलच्या नावात भाषा, वर्ष आणि विषय लिहा, म्हणजे नंतर शोधता येईल. इंटरनेटवर टाकायची असेल तर त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी, वर्गमित्रांचीसुद्धा. वर्णनात तुम्ही शिकाऊ आहात हे लिहा, कारण खुणा शोधत येणारे लोक अशा फितींतून शिकू लागतात आणि तुमची चूक त्यांच्या हातात जाते. ज्या कर्णबधिर व्यक्तींनी वेळ दिला, त्यांना अंतिम प्रत सर्वांत आधी पाठवा आणि त्यांनी एखादी दुरुस्ती सुचवली तर ती करूनच फीत पुढे द्या.